सुपडूचं सातवं स्थळ

"बाह्या वर कर की मेल्या, जीव जाईल उकाड्यानं," मी म्हणाले.

"असू द्या काकू," म्हणत सुपडूनं मनगटावरची बटणं पुन्हा एकदा चाचपून पाहिली.

मे महिन्यातले सकाळचे अकरा वाजले होते. सावद्याला आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिससमोर गाडी भरून उभी होती. पहाटे कापलेली हिरवीगार केळी, मध्ये मध्ये केळीचीच पानं आणि वर ताडपत्री, दिल्लीची भरती. अशी गाडी उन्हात उभी ठेवायची नसते. केळीला आतून उष्णता धरली की दिल्लीला पोचेपर्यंत माल पिवळा पडतो आणि मग तिथला व्यापारी फोनवर माझ्या सात पिढ्या काढतो. आणि ज्यानं ही गाडी न्यायची तो माझा ड्रायव्हर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, मुलगी पाहायला निघाला होता!

मुलीचं गाव रस्त्यातच होतं, बऱ्हाणपूरच्या वाटेवर, फाट्यापासून जरा आत. अर्धा तास थांबायचं, मुलगी पाहायची, की हा पुढं दिल्लीला आणि मी फाट्यावरून एसटीनं परत, असं ठरलं होतं. वडीलधारं माणूस म्हणून मी. त्याचे वडील नव्हते आणि आईचे गुडघे गेलेले. मामा आधीच्या सहा वेळा गेला होता, सातव्या वेळी त्यानं हात जोडले. "कुमुदकाकू, तुम्ही चला. तुम्ही मालकीण आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे," असं सुपडूच्या आईनं म्हटलं, आणि मी फुगले.

तेव्हा माझ्या तीन गाड्या होत्या आणि ड्रायव्हर एक. हे गेल्यावर मी एकटीनं धंदा सांभाळला, दलालांशी भांडले, टायरवाल्यांशी भांडले, पण ड्रायव्हर कुठून आणू? एक पुण्याला कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून गेला, माझ्यापेक्षा कमी पगारावर. मी त्याला फोनवर शिव्या घातल्या. तो सगळ्या ऐकून म्हणाला, "काकू, रोज घरी जेवतो." दुसऱ्यानं बायकोच्या हट्टापायी रसवंती टाकली. त्यांच्या दोन्ही गाड्या ऑफिसमागे लिंबाखाली उभ्या होत्या. चिमण्यांनी आरशामागे घरटं केलं होतं. नवीन पोरं तर फिरकतच नव्हती. राहिला एकटा सुपडू. तो गेला असता तर माझ्या ट्रान्सपोर्टला कुलूपच.

आमची कार पल्लवी, माझी मुलगी, कॉलेजला घेऊन गेली होती. म्हणून मी गाडीतच चढले. चढले कसली, सुपडूनं वरून हात दिला आणि मी कशीबशी लटकत आत पडले. वीस वर्षं गाड्यांची मालकीण, पण केबिनमध्ये कधी बसले नव्हते. आणि ओ माय, काय ती भट्टी! शेजारी इंजिन, त्याची धग पायाला. समोर काचेतून ऊन. सुपडूच्या बाजूला खिडकीतून तर ऊन नुसतं ओतल्यासारखं आत येत होतं.

"इथं बसून तू दिल्लीला जातोस?" मी विचारलं.

"चालत जाऊ का मग?" तो हसला. जरा वेळानं हसू घालवून म्हणाला, "काकू, तिथं एक गोष्ट सांभाळून घ्या."

"कोणती?"

"प्रल्हादभाऊंनी त्यांना मी सुपरवायझर आहे असं सांगितलंय."

प्रल्हादभाऊ म्हणजे आमच्या समाजातले लग्नं जुळवणारे. पल्लवीसाठी त्यांनीच दिलेला पुण्याच्या एका इंजिनिअरचा बायोडाटा त्या वेळी माझ्या पर्समध्येच होता.

"सुपरवायझर?" मी ओरडले. "कशाचा? लिंबाखालच्या चिमण्यांचा?"

"काकू, सहा ठिकाणी ड्रायव्हर सांगून पाहिलं. पोहे मिळाले, चहा मिळाला, नाश्त्याला कुणी कमी केलं नाही. पण एका ठिकाणी मुलगी बाहेरसुद्धा आली नाही. एका ठिकाणी म्हणाले, ड्रायव्हर म्हणजे दारू आलीच. एका ठिकाणी मुलीच्या काकानं मामाला बाजूला घेऊन विचारलं, याचं रस्त्यात कुठं दुसरं घर नाही ना?"

"तू सुपारी खात नाहीस मेल्या!"

"ते तुम्हाला माहीत. माझ्या कपाळावर लिहिलंय का?"

मग मनात आलं ते विचारलंच. "समजा जुळलं. लग्नानंतर त्यांना कळणार नाही?"

त्यानं गिअर बदलला. "लग्न झालं की गाडीवरून उतरायचं म्हणतो. तुम्ही ऑफिसात ठेवलं तर इथंच. नाहीतर पुण्याला तो आपला जुना ड्रायव्हर बोलावतोय. गेटवर जागा आहे म्हणे."

म्हणजे जुळलं तर माझी तिसरी गाडीही लिंबाखाली, आणि मोडलं तर हा एकतीस वर्षांचा पोरगा सातव्यांदा तोंड पाडून परत. मी त्याच्या बाजूनं निघाले होते. पण खरं तेच सांगते, लपवून काय करू? त्या केबिनमध्ये घाम पुसता पुसता मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, मोडू दे.

फाट्यावर वडाखाली गाडी लावली. दारापर्यंत नेली असती तर सुपरवायझर गाडी चालवत कसा आला, असं झालं असतं. मग त्या उन्हात आम्ही दोघं पायी. मी डोक्यावर पदर घेऊन पुढं, तो मागं वळून वळून गाडीकडे बघत.

"ताडपत्री मागून जरा सैल सोडली असती तर वारा लागला असता," तो पुटपुटला.

"आता मुलीचा विचार कर!"

मुलीचे वडील भास्करराव, स्वतः केळीचे बागायतदार. घर चांगलं, ओटा मोठा, पण लोडशेडिंगमुळे पंखे बंद. निर्मलाबाईंनी, म्हणजे मुलीच्या आईनं, माठातलं पाणी दिलं. मी बसल्यापासून घड्याळाकडे बघत होते. माल तापतोय, माल तापतोय, एवढंच डोक्यात.

भास्कररावांनी मात्र सूर लावला. "बरं झालं तुम्ही ट्रान्सपोर्टवाल्याच आलात. सांगा ताई, गाड्यांना झालंय काय? मागच्या महिन्यात माझा बाग कापायला आला. चार दिवस फोन करतोय, गाडी नाही. विचारलं तर म्हणे गाड्या आहेत, ड्रायव्हर नाहीत. झाडावर घड पिकले! शेवटी गुरांना घातले. आजकालच्या पोरांना कामच नको. कुठं गेले हो सगळे ड्रायव्हर?"

सुपडू खाली मान घालून बसला होता. मी "हो ना" एवढंच म्हणाले. तुमच्यासमोर एक बसलाय, हे अगदी जिभेवर आलं होतं.

"सुपरवायझरचं बरं असतं," निर्मलाबाई म्हणाल्या. "माणूस संध्याकाळी घरी येतो. आम्हाला बाकी काही नको. योगिता आमची एकुलती एक आहे."

"ऑफिसातच असतात ना पूर्ण वेळ?" भास्कररावांनी मला विचारलं.

मी पाण्याचा तांब्या उचलला. "पाणी गार आहे हो माठाचं," असं काहीतरी म्हणाले.

तेवढ्यात योगिता पन्ह्याचे पेले घेऊन आली. सावळी, तरतरीत, नजर थेट. सुपडूला त्या क्षणी दरदरून घाम फुटला. भास्करराव म्हणाले, "अहो, बाह्या तरी वर करा. घरचंच समजा." आणि हा बहाद्दर! सकाळपासून मी सांगतेय तर ऐकलं नाही, आणि आता मुलीसमोर भांबावून दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या, आणि पन्ह्यासाठी दोन्ही हात पुढं केले.

डावा हात गव्हाळ. उजवा मनगटापासून कोपरापर्यंत काळा ठिक्कर. एका माणसाचे वाटूच नयेत असे दोन हात.

योगिता पेला देता देता थांबली. "सुपरवायझरला एकाच हाताला ऊन लागतं का?" तिनं विचारलं.

कुचकेपणानं नाही. खरंच नवल वाटल्यासारखं.

सुपडूनं पेला तसाच खाली ठेवला आणि बाही ओढून घेतली. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. काकू, सांभाळा. माझी मालकीण आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. सगळं त्या नजरेत होतं. आणि सोपं होतं हो! उभा राहून गाड्या भरून घेतो, एका बाजूनं ऊन लागतं, एवढं मी म्हणाले असते तरी भागलं असतं.

"ड्रायव्हर आहे तो," मी म्हणाले.

का म्हणाले? खोटं सहन होईना म्हणून, की ड्रायव्हर हातचा जाऊ नये म्हणून? इतकी वर्षं झाली, मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. दोन्ही असेल. पण एकदा तोंड उघडल्यावर मला आवरेना.

"ड्रायव्हर आहे, आणि असा ड्रायव्हर अख्ख्या तालुक्यात दाखवा मला! नऊ वर्षं माझी गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही. ग्वाल्हेरजवळ रस्ता दीड दिवस बंद होता, तर हा ताडपत्री उचलून उभा राहिला, केळीला वारा लागावा म्हणून. चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. भाऊ, तुमच्या बागेतले घड गुरांनी खाल्ले ते कुणामुळं? कामचुकार पोरांमुळं? नाही! तुम्हीआम्ही यांना माणसात धरत नाही म्हणून. मुलगी द्यायची नाही, दारात उभं करायचं नाही, आणि माल कापला की गाडी मात्र पाहिजे! कोण बसेल हो त्या भट्टीत? आज पहिल्यांदा बसले मी. एका तासात जीव नकोसा झाला. हा तिथं दिवसच्या दिवस बसतो, म्हणून दिल्लीला केळी मिळतात आणि तुमच्या घरात लग्नाचं बोलणं निघतं!"

भास्कररावांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, जिंकले. खरंच वाटलं. तोंडाची फटकळ म्हणून सगळं गाव मला नावं ठेवतं, पण आज ते तोंड कामी आलं.

निर्मलाबाई मात्र शांत होत्या. पदरानं वारा घेत त्यांनी विचारलं, "प्रल्हादभाऊ सांगत होते, तुमचीही मुलगी लग्नाची आहे."

"आहे."

"सुपडूराव तर आपल्याच समाजाचे. तुमच्या नजरेसमोर नऊ वर्षं आहेत. इतकं गुणी पोरगं." त्या जराशा पुढं झुकल्या. "मग ताई, तुम्ही तुमची मुलगी का नाही दिलीत?"

टोमणा नव्हता तो. बाई विचारत होत्या. त्यांना उत्तर हवं होतं, कारण त्यांच्याही मनात कुठंतरी चलबिचल झाली होती. आज मला अगदी खात्रीनं वाटतं, मी त्या वेळी नीट काही बोलले असते तर ते लग्न झालं असतं.

माझ्या मांडीवर पर्स होती. पर्समध्ये इंजिनिअरचा बायोडाटा होता. मी पर्सची चेन उगाच इकडून तिकडे, तिकडून इकडे केली. शब्द आठवेनात. ज्या तोंडाची एवढी ख्याती, त्या तोंडाला कुलूप लागलं. योगिता माझ्याकडे बघत होती. भास्करराव बघत होते. नऊ वर्षांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. नाकारलंसुद्धा नव्हतं मी, मनातच आलं नव्हतं.

"काकूंना नका विचारू," सुपडू म्हणाला आणि उठून उभाच राहिला. "गाडी भरून उभी आहे. माल तापेल. निघतो आम्ही." मग योगिताकडे वळून म्हणाला, "खोटं सांगितलं गेलं. माफ करा." आणि खाली ठेवलेला पन्ह्याचा पेला उचलून त्यानं सगळा पिऊन टाकला, हळूच ठेवला, आणि निघाला. मी त्याच्या मागं.

गाडीपाशी गेल्यावर आधी त्यानं ताडपत्रीची मागची दोरी सोडली, आत हात घालून केळी चाचपली.

"आहे अजून गार," तो म्हणाला.

"सुपडू, मी..."

"चांगलं बोललात काकू. माझ्याबद्दल इतकं कुणी बोललं नव्हतं. ते ग्वाल्हेरचं तुम्हाला आठवत असेल असं वाटलं नव्हतं मला."

"पगार वाढवते मी."

"पगाराचं कुठं काय म्हणतोय?" त्यानं बाह्या पुन्हा वर सारल्या, आता लपवायचं काही नव्हतं. "एवढी खेप करून येतो. मग किल्ली तुमच्या टेबलावर."

"अरे पण मोडलं ना स्थळ? मग कशाला उतरतोस?"

"आठवं यायचंय ना," तो म्हणाला आणि वर चढला.

गाडी गेली. मी वडाखाली एसटीची वाट बघत कितीतरी वेळ उभी होते. बसायला दगड होता, पण बसवेना.

घरी आल्यावर पल्लवीनं विचारलं, "काय झालं सुपडूदादाचं?" मी सगळं सांगितलं. तिच्यापासून काय लपवायचं? ऐकून ती म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, आई. मला नाही जमणार तसं राहायला. पण तू तिथं नाही तरी म्हणायचंस. गप्प काय बसलीस?"

"तोंडच उघडलं नाही गं."

"तुझं?" ती म्हणाली.

नऊ दिवसांनी सुपडू आला. गाडी धुऊन आणली होती. किल्ली टेबलावर ठेवली, पाया पडला आणि पुण्याला गेला. मी आठ-दहा दिवस जंगजंग पछाडलं, पण ड्रायव्हर मिळाला नाही. तिसरी गाडी लिंबाखाली लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस फोन वाजला. भास्करराव. आवाजात घाई. "ताई, राग धरू नका, पण अडचण आहे. माल कापून पडलाय, गाडी मिळेल का?"

"गाड्या तीन आहेत भाऊ. ड्रायव्हर नाही."

"ते आपले सुपडूराव?"

"गेले."

"कुणीतरी द्या हो ताई."

माझ्या ओठांवर आलं होतं, आला होता ना तुमच्या दारात, चालत! पण ते बोलायला मला तोंड कुठं होतं? मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच वर्षी दोन गाड्या विकल्या. पुढच्या वर्षी तिसरी.

सुपडूला मी त्यानंतर एकदाच भेटले, पल्लवीच्या लग्नात. पत्रिका पाठवली होती, येईल असं वाटलं नव्हतं. पुण्यातलं कार्यालय, जावई इंजिनिअर, मी जरीच्या साडीत घामाघूम. गर्दीतून हा आला. बायको बरोबर, नाकीडोळी नीटस, कडेवर लेक. अर्ध्या बाह्यांचा शर्ट. माझी नजर आधी त्याच्या हातांवर गेली. दोन्ही एकसारखे गव्हाळ झाले होते.

"कसं चाललंय रे?"

"मजेत काकू. गेटवर असतो. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो." मग त्यानं विचारलं, "आपली गाडी कुठं असते आता?"

"विकली."

"हं," तो म्हणाला. "तिचा दुसरा गिअर जरा अडायचा. घेणाऱ्याला सांगायला पाहिजे होतं."

बायको लेकीला घेऊन पल्लवीकडे गेली. आम्ही दोघंच राहिलो. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी त्या सनईच्या गोंगाटात बोलून टाकलं.

"सुपडू, त्या दिवशी त्या बाईंनी विचारलं ना... मी नाहीच म्हणाले असते रे."

"माहीत होतं काकू," तो म्हणाला. "म्हणून तर मी आधी उठलो."